एकट्याची भाजी आणि रविवारची तयारी

माझी भाची जूनमध्ये नोकरीसाठी साताऱ्याहून मुंबईला आली, गोरेगावला वन आरकेमध्ये एकटी राहते, आणि दर चार दिवसांनी तिचा मेसेज ठरलेला, मावशी परत तीच भाजी उरली गं, काय करू. पाव किलो भेंडी आणली की सोमवारी भेंडी, मंगळवारी तीच भेंडी, बुधवारी ती बघवत नाही म्हणून बाहेरून काहीतरी मागवायचं, आणि गुरुवारी फ्रीजच्या खालच्या ट्रेमध्ये पालकाची जुडी प्लास्टिकच्या पिशवीत काळी पडून पाणी सुटलेली. मी परळला अकरा वर्षं एकटी राहते, हे सगळं माझ्याही घरात झालंय, म्हणून तिला फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगितलं ते इथे सलग लिहून काढते. एकटं राहणारी माणसं जेवणातून सगळ्यात आधी भाजी सोडतात, वरणभात आणि लोणचं झालं की ताट उचलतात, आणि मला ते खरंच बघवत नाही.

तर शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी भाजी आणायला बाहेर पडायच्या आधी पहिलं काम, फ्रीजचा ट्रे पूर्ण बाहेर काढून बघायचा, अर्धं गाजर, दोन टोमॅटो, काय असेल ते ओट्यावर मांडायचं. मग किती आणायचं त्याचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान 400 ग्रॅम भाज्या आणि फळं मिळून खा म्हणते, आणि त्यात बटाटा धरत नाहीत हे लक्षात ठेवा. म्हणजे आठवड्याचे 2 किलो 800 ग्रॅम, त्यातली फळं बाजूला काढली तर भाजी साधारण 2 किलो. आता 2 किलो म्हणजे आठ पाव, आणि आठ पाव म्हणजे आठ वेगवेगळ्या भाज्या होऊ शकतात, पण आपण काय करतो, स्वस्त मिळाली म्हणून एक किलो तोंडली उचलतो आणि आठवडा तोंडल्यांचा होतो.

पिशव्या घेताना दोन कापडी छोट्या पिशव्या वेगळ्या घ्या, एक पालेभाजीला, एक टोमॅटोला. मी दादरला जाते, वेस्टला, फूल मार्केटच्या बाजूला, सकाळी आठच्या आत, कारण तेव्हा पालेभाजी अजून ताठ असते आणि भाजीवाल्या मावशीला बोलायला वेळ असतो. तुम्ही बोरिवली, मुलुंड, चेंबूर जिथे असाल तिथे एक भाजीवाली धरा आणि तिच्याकडेच जात जा, एकट्या माणसाला ओळखीची भाजीवाली फार लागते, कारण आपल्याला जे मागायचंय ते अनोळखी माणूस पटकन देत नाही.

आपल्याला मागायचाय मिक्स वाटा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीसाठी बाजारात वाटे लावलेले असतात बघा, थोडा पावटा, दोन वांगी, एक गाजर, हरभऱ्याचे घाटे, बोरं, सगळं मूठ मूठ. गणपतीच्या दुसऱ्या दिवशीच्या ऋषीपंचमीला पण तसंच, अळूची चार पानं, सुरणाची फोड, लाल भोपळ्याची फोड, मक्याचं कणीस, दोन भेंड्या. मला एक वर्षी भोगीचा वाटा घेताना एकदम वाटलं की अरे हे तर माझ्यासाठीच केलंय, एकटीला पुरेल एवढं आणि सहा प्रकारचं, मग हे वर्षातून दोनदाच का. तेव्हापासून मी मावशीला सांगते, पाव किलोच्या भावात तीन गोष्टी घाला, गवार, फरसबी, तोंडली. फक्त भाव सारखा असलेल्या भाज्या सांगायच्या, म्हणजे तिला हिशोब पडतो आणि ती कुरकुर न करता घालते. नाहीतर सरळ अदपाव मागा, 125 ग्रॅम, लाज वाटायचं काही कारण नाही, पहिल्या दोन वेळा ती बघते तुमच्याकडे, तिसऱ्या वेळी न सांगता अदपाव तोलते. सोबत दहाचा हिरवा मसाला, म्हणजे मिरची, आलं, कढीपत्ता आणि थोडी कोथिंबीर एकत्र मिळते, वेगवेगळं घ्यायला जाऊ नका.

पिशवीत काय काय पडलं पाहिजे, तर एक पालेभाजी, एक शेंगांचा मिक्स, एक वेलावरची म्हणजे दुधी, पडवळ, दोडका यातलं एक छोटं, एक टिकाऊ म्हणजे कोबी नाहीतर लाल भोपळ्याची फोड, दोन काकड्या किंवा मुळा कच्चं खायला, तीनचार टोमॅटो, आणि एक अशी भाजी जी गेल्या आठवड्यात आणली नव्हती. ही शेवटची अट मी कधी सोडत नाही. मुंबईत तर त्याला तोटाच नाही, पावसाच्या सुरुवातीला पालघर, कर्जत, कसाऱ्याकडच्या बायका स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बसतात, शेवळं, टाकळा, फोडशी, करटोली अशा रानभाज्या. शेवळं घेतलीत तर बरोबर काकडं म्हणजे ती आंबट रानफळं मागून घ्या, त्याच्याशिवाय घसा खाजतो, आणि कशी करायची तेही तिलाच विचारा, ती दोन मिनिटांत सांगते.

आणि समुद्रमेथी. ही वाळूत लावतात, किनाऱ्याच्या बाजूला, जुडी एवढीशी की तळहातावर तीन बसतील, मुळांसकट, पानं अगदी नखाएवढी. एकट्या माणसासाठी हिच्यासारखी पालेभाजी नाही कारण तीन जुड्यांत एक वेळ बरोबर होते, उरत काहीच नाही. मुळं कापून टाकायची, आणि मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं त्यात सोडायची, हलवायची, मग एक मिनिट हात न लावता थांबायचं, वाळू तळाशी बसते, पानं वरच्या वर दोन्ही हातांनी उचलून चाळणीत घ्यायची. पातेलं ओतून पानं गाळलीत तर ती सगळी वाळू परत पानांवर. असं तीन वेळा, तिसऱ्या वेळी पातेल्याच्या तळाला बोट फिरवून बघा, चरचर लागली तर चौथ्यांदा. मग लसणाची फोडणी, मीठ, वरून ओलं खोबरं, दोनतीन मिनिटांत आवळून एवढीशी होते, भाकरीबरोबर खा.

घरी आल्यावर अर्धा पाऊण तास द्यायचाच, इथे कंटाळा केला तर पुढचं सगळं बिघडतं. पालेभाजी धुवायची नाही, मुंबईच्या हवेत आधीच एवढा दमटपणा आहे, धुतलेली जुडी दोन दिवस टिकत नाही. निवडायची, सडकी पानं काढायची, जुन्या पंचात किंवा पेपरात सैल गुंडाळायची, झालं. कोथिंबिरीच्या डब्यात खाली आणि वर टिश्यू पेपर. भेंडी ओली असेल तर पुसून. कांदे बटाटे एका टोपलीत नकोत, लवकर खराब होतात. टोमॅटो कच्चट असतील तर बाहेर. आणि केळी, सफरचंदं पालेभाजीच्या जवळ ठेवू नका, पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्याने पानं पिवळी पडतात. वेळ कमी असेल तर लोकलच्या लेडीज डब्यात बायका कशा शेंगा सोलत, मेथी निवडत जातात तसं करा, मी स्वतः पावटे कित्येकदा ट्रेनमध्येच सोललेत. कोबी सुरीने अर्धा चिरून ठेवू नका, बाहेरची पानं एकेक सोडवून लागतील तेवढी घ्या, गड्डा आतून ताजा राहतो, एक छोटा गड्डा मला दोन आठवडे गेलाय. दुधीची मात्र शिजवायच्या आधी एक पातळ चकती कच्ची चाखायची, कडू लागली तर तो दुधी अख्खा टाकायचा, शिजवून कडूपणा जात नाही आणि कडू दुधीने माणसं खरंच हॉस्पिटलात गेलीयत, इथे पैसे वाचवू नका.

आता तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग, जोडीचे डबे. भाजी तीच राहिली तरी तिला जोड काय देता त्यावर चव बदलते, आणि आपल्याकडे या जोडी इतक्या आहेत की मला कधी कधी वाटतं आपल्या आज्यांनी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडून चार महिने रोज वेगळं कसं वाढलं ते यातच आहे. रविवारी एवढं करून ठेवा, शेंगदाणे भाजून एक वाटी कूट, जास्त नको, खवट होतं, फ्रीजमध्येच ठेवा. एक नारळ खवून पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये, म्हणजे लागेल तसा तुकडा मोडता येतो, डब्यात भरलात तर दगड होतो आणि सुरीने फोडत बसावं लागतं. चिंच भिजवून कोळून छोट्या बाटलीत. बेसन दोन चमचे तेलावर खमंग भाजून. तीळ नाहीतर कारळ्याची सुकी चटणी. गोडा मसाला घरचा असेल तर उत्तमच. थालीपिठाची भाजणी आईकडून किंवा गिरणीवाल्याकडून. आणि मोड, एक वाटी मूग किंवा मटकी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधा, मुंबईच्या उकाड्यात सकाळपर्यंत मोड येतात, वालाला मात्र जास्त वेळ द्या.

हे डबे असले की बघा काय होतं. पाव किलो गवार, अर्धी सोमवारी ओवा आणि शेंगदाण्याचं कूट घालून कोरडी, अर्धी गुरुवारी लाल भोपळ्याच्या फोडींबरोबर, गोडा मसाला आणि गूळ घालून रसाची. चव इतकी वेगळी की तीच गवार आहे हे जाणवत नाही. कोबी एकदा भिजवलेली मूगडाळ घालून, एकदा नुसता बारीक चिरून लिंबू, मीठ, वरून हिंगमिरचीची फोडणी, एकदा पीठ पेरून. भरताचं वांगं एकदाच गॅसवर भाजा, अर्धं त्या दिवशी कांदा टोमॅटो घालून परतून, अर्धं दुसऱ्या दिवशी दह्यात कालवून वर फोडणी. मुळ्याचा पाला टाकू नका, पीठ पेरून त्याची भाजी आणि मुळ्याची दह्यातली कोशिंबीर, एका मुळ्यात दोन दिवस. दुधी चणाडाळीबरोबर, उरलेला किसून थालीपिठात, आणि सालं तीळ घालून परतून चटणी. भाचीला मी सांगितलं की नवीन भाजी शोधायच्या आधी जोड बदलून बघ, तिने भेंडी चिंचगुळाची केली आणि फोटो पाठवला, मला इतका आनंद झाला की मी तो ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवला.

भांड्यांचं पण बघून ठेवा. एकट्याची भाजी मोठ्या कढईत कधीच नीट होत नाही, मूठभर गवार पसरते, पाणी उडून जातं, बाहेरून करपते आणि आतून कच्ची. सहा सात इंचाची लोखंडी कढई घ्या, वर बसेल अशी खोलगट ताटली, आणि ताटलीत पाणी. ते पाणी तापलं की भाजी वाफेवर शिजते, लागली तर तेच गरम पाणी चमचाभर आत घालायचं, आई हेच करायची. आंबट घातलेली भाजी मात्र लोखंडात ठेवू नका, झाली की लगेच काढा. दोन लिटरचा कुकर आणि फोडणीची छोटी पळी एवढं पुरतं.

खायचा क्रम रविवारीच कागदावर लिहून फ्रीजला लावा. पालेभाजी पहिल्या दोन दिवसात, मग भेंडी, मग गवार फरसबी, मग दुधी, आणि कोबी भोपळा शेवटाला. पावसाळ्यात तर पालेभाजी त्याच दिवशी, आधीच भिजलेली येते ती. हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की एक किलो एकदम घेतले तरी चालतात, सोलून उकळत्या पाण्यात दीड दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, निथळून फ्रीझरमध्ये. ऑफिसमधून नऊला घरी येणाऱ्यांनी सकाळीच संध्याकाळची भाजी चिरून ठेवावी, नाहीच जमलं तर स्टेशनबाहेर चिरलेल्या भाजीची पाकिटं मिळतात, ती घ्या, फक्त कापलेल्या कडा कोरड्या पडलेल्या नाहीत ना बघा आणि त्याच रात्री संपवा.

शनिवारी ट्रेमध्ये जे उरलं असेल, अर्धं गाजर, कोबीची दोन पानं, कोथिंबिरीच्या काड्या, ते सगळं बारीक चिरून भाजणीत घाला, ओल्या फडक्यावर थालीपीठ थापा, मधे भोक पाडून तेल सोडा, बरोबर दही. मग ट्रे पुसून घ्या, तळाला पेपर घाला, आणि उद्या सकाळी भिजवायचे मूग वाटीत काढून ओट्यावर ठेवा.