ग्वाल्हेरचा पहिला मे

बदलीचं पत्र नेमकं एप्रिलमध्येच येतं, हा काय योग आहे देव जाणे. सामान उतरवून घर लागेपर्यंत मे उजाडतो. मग दरवर्षी कुणीतरी नवीन आलेलं मला म्हणतं, "काकू, ऊन कडक आहे खरं, पण मुंबईसारखा घाम नाही हो. त्या मानाने बरं वाटतं." असं कुणी म्हणालं की मी आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देते.

घाम येत नाही असं नाही. येतो, पण दिसायच्या आत वाळून जातो. कोकणात सदरा पाठीला चिकटला की कळतं, चला, पाणी प्यायला हवं. इथे पाठ कोरडी राहते आणि संध्याकाळी कॉलरवर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात. तहानेची वाट बघू नका. सकाळपासून दुपारपर्यंत लघवीला जावंसंच वाटलं नाही किंवा रंग गडद पिवळा झाला, तर तुम्ही मागे पडलात समजा. (नागपूरकरांनी हे वाचून हसू नये. त्यांना हे माहीत आहे, पण बदल्या त्यांच्याच होतात असं थोडंच आहे.)

मी हे ठेच खाऊन शिकले. लग्न होऊन चिपळूणहून आले, त्याच मे महिन्यात लोणच्याच्या बरण्या आणायला दुपारी दीड वाजता महाराज बाड्यावर, म्हणजे इथल्या मोठ्या बाजारात, गेले. बाडा अगदी सामसूम. मला वाटलं, वा, गर्दी नाही! स्कूटरवर तोंडाला पदरसुद्धा घेतला नव्हता. इथली लू म्हणजे पश्चिमेकडून येणारा कोरडा, तापलेला वारा. स्कूटरचा वेग वाढवला की तो गार लागायच्या ऐवजी जास्तच भाजतो. घरी आले तोवर डोकं ठणकत होतं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले ती उठताच येईना. शेजारच्या भाभींनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "बहू को लू लग गई." आत नेऊन डोक्यावर ओला पंचा ठेवला आणि थोड्या वेळाने कैरीचं पना पाजलं.

त्यांचं पना म्हणजे आपलं पन्हं नव्हे. आपण कैरी उकडून गूळ-वेलची घालतो. इथे ती निखाऱ्यावर भाजतात आणि काळं मीठ, भाजलेलं जिरं, पुदिना घालतात. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं होतं. आता माझ्या घरी तेच होतं, कारण घामातून गेलेलं मीठ गुळाने भरून येत नाही. मीठ घातलेलं ताक, शिकंजी म्हणजे इथलं लिंबू सरबत, भाजलेल्या चण्याचं सत्तू, काहीही चालेल. जुलाब-उलट्या झाल्या तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ, तेवढंच. मीठ अंदाजाने टाकू नका.

खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, असं तुम्हाला पहिल्याच आठवड्यात चार जण सांगतील. ठेवा हवा तर, भाजीला उपयोगी पडेल. पण कांद्याच्या भरवशावर भर दुपारी बाहेर पडू नका. त्यापेक्षा सुती साफी, म्हणजे मोठा पंचा, घ्या आणि डोकं, कान, मान, तोंड सगळं गुंडाळा. रस्त्यावर फक्त डोळे दिसणारी माणसं बघून पहिल्यांदा तुम्हाला चंबळचे दरोडेखोर आठवतील. आठवड्याभरात तुम्हीही त्यांच्यातलेच व्हाल.

घड्याळ मात्र बदलावं लागतं. भाजी, बँक, गॅसचं काम, जे काय असेल ते दहाच्या आत. १२ ते ५ घरात. बाजार संध्याकाळनंतर जागा होतो. मैदानी भागात पारा ४५ ला पोचला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं, ४७ ला तीव्र लाट. इथे २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नौतपाचे नऊ दिवस सुरू होतात. त्या दिवसांत ४५ हा आकडा ऐकून कुणी मानही वळवत नाही. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी बघायला जाल, तेव्हा त्यांची शेवटची लढाई १८५८ च्या जूनमधली होती हे आठवा. समोरच्या इंग्रज फौजेचा सेनापती ह्यू रोज त्याआधी मे महिन्यात कोंचच्या लढाईत ऊन लागून पुन्हा पुन्हा कोसळला होता. तिथे जा, पण सकाळी सातला.

आता कूलर. नवीन माणूस कूलर लावतो आणि एसी असल्यासारखी सगळी दारं-खिडक्या बंद करतो. मग तासाभरात खोलीत दमट कोंडी होते आणि शिव्या कूलरला. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. शक्य असेल तर गवताऐवजी वाळ्याच्या, म्हणजे खसच्या, ताट्या लावा. वासानेच अर्धी दुपार सुसह्य होते. दुसरी गोष्ट जिवाची आहे. पत्र्याचा कूलर, पाणी आणि वीज एकत्र. आमच्या मुलाला एकदा पाणी भरताना झटका बसला होता. पंपाची वायर सोललेली होती आणि भाड्याच्या घरात अर्थिंग नव्हतंच. घरमालक म्हणाले, इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही! तेव्हा घर घेताना इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग बघून घ्या, आणि प्लग काढल्याशिवाय कूलरला हात नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच.

गच्चीखालचा मजला स्वस्त मिळतो, तो का ते मेमध्ये कळतं. दगडी फरशी दिवसभर तापते आणि रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत राहते. सूर्य मावळल्यावर गच्चीवर पाणी मारा, पण तिघरा धरण आटलं की नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा मन मारा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. सकाळी सहालाच बादल्या भरून ठेवा.

गावाहून आई-बाबांना आणत असाल तर फेब्रुवारीत आणा, मेमध्ये नको. म्हातारपणी तहान कमी लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. आणि एक ओळखायला शिका. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, तोल जाऊ लागला, तर तो नुसता थकवा नाही, उष्माघात आहे. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत आणून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. क्रोसिनने हा ताप उतरत नाही.

मृगाची वाट बघू नका. कोकणात ७ जूनला आभाळ भरून येतं, इथे त्या दिवशीही लूच चालू असते. मधेच एखाद्या संध्याकाळी आंधी येते, पिवळी धूळ उठते, वीज जाते आणि दहा मिनिटांत गारवा येतो. तेव्हा गच्चीवरचे पत्रे आणि वाळत घातलेल्या कुरडया आधी आत घ्या. खरा पाऊस जूनच्या अखेरीस. त्यानंतर हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी होतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, आणि कोकणातला तो चिकट घाम येऊ दे.