जुनं व्हीबी ६ सॉफ्टवेअर ६४-बिटवर न्यायचं का? आधी हे बघा

भोसरीच्या वर्कशॉपमधे, मार्केट यार्डातल्या गाळ्यांवर व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) मधलं बिलिंग अजून रोज चालतंय, आणि नवीन पीसी घेतला की कोणीतरी सांगतंच की आता सगळं ६४-बिट डॉट नेटमधे (मायक्रोसॉफ्टच्या त्यानंतरच्या प्रणालीत) नव्याने लिहायला लागेल. लगेच हो म्हणू नका. विंडोज ११ फक्त ६४-बिटमधेच येतं पण ३२-बिट प्रोग्राम त्यावर व्यवस्थित चालतात, व्हीबी ६ चा मूळ रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइली) पण विंडोजसोबतच येतो, २००८ ला सपोर्ट संपला तो डेव्हलपमेंट टूलचा. डॉसमधलं किंवा १६-बिट काही असेल तर मात्र ते चालणार नाही, ते हलवायलाच लागतं.

आपलं नक्की काय आहे ते बघायला टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समधे जा, कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून प्लॅटफॉर्म कॉलम चालू करा, समोर ३२ का ६४ दिसतं.

आता खरं काम. त्या एक्झेला (प्रोग्रामच्या मुख्य फाइलला) काय काय चिकटलंय ते सगळं कागदावर लिहून काढा, कारण खर्च तिथेच ठरतो. वजनकाटा सिरीयल पोर्टवर असेल तर बहुतेक एमएसकॉम ३२ ची ओसीएक्स (प्रोग्रामला जोडायचा तयार भाग) वापरलेली असते, आणि ६४-बिट प्रोग्राम ३२-बिट डीएलएल (तयार कोडची फाइल) किंवा ओसीएक्स स्वतःमधे लोड करूच शकत नाही, म्हणजे तो भाग नव्याने लिहिणं आलं. डोंगल (लायसन्ससाठी पीसीला लावायची छोटी किल्ली) असेल तर त्याचा ड्रायव्हर ६४-बिटच लागतो, प्रोग्राम ३२-बिट राहिला तरी. असा ड्रायव्हर मिळतच नसेल तर माझ्या मते हलवायला तेवढं एक कारण पुरे.

मराठी नावं जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधे टाइप केलेली असतील तर इथे जास्त वेळ धरा, लोक हे कोटेशनमधे धरतच नाहीत. त्या फाँटमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमधे नंतर, आणि रफारचं उलटं, त्यामुळे कन्व्हर्टर चालवून झाल्यावरही शिर्के, किर्लोस्कर असली नावं डोळ्याने तपासायलाच लागतात. ग्राहकाच्या बिलावर त्याचंच नाव चुकलेलं बरं दिसत नाही हो.

एमडीबी फाइल (अॅक्सेसची डेटाबेस फाइल) २ जीबीच्या जवळ आली असेल किंवा चार-पाच जण एकदम वापरताना सारखी करप्ट होत असेल तर आधी फक्त डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर) न्या, ते फुकट आहे, थोडा कोड बदलून जुनी एक्झे त्याला जोडता येते. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर भागतं. सोर्स कोडच हातात नसेल, बदल करणारा माणूस मिळत नसेल, तर मात्र थांबू नका, सॉफ्टवेअर ठणठणीत चालू असतानाच सुरुवात करा, बंद पडल्यावर घाईत केलेलं काम महागात जातं. डॉट नेटमधे गेलात तरी पहिल्या टप्प्यात एक्स८६ (म्हणजे ३२-बिट) टार्गेट ठेवा म्हणजे जुन्या ओसीएक्स चालत राहतील.

मार्च एंडला हात लावू नका, एप्रिलनंतर महिनाभर जुनं-नवं शेजारी शेजारी चालवून रोजची बेरीज ताडून बघा. जुना सेटअप पुसू नका, जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायला लागतात, तोपर्यंत एका व्हर्च्युअल मशीनमधे (पीसीच्या आत चालणाऱ्या आभासी पीसीत) तो उघडता आला पाहिजे.