‘लय दुखते जी’ सांगून भागत नाही: जुनं दुखणं डॉक्टरपुढं कसं मांडायचं

ओपीडीत नंबर लागला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘डॉक्टरसाहेब, कंबर लय दुखून रायली जी.’ साहेब पाच दिवसांच्या गोळ्या लिहितात आणि पुढच्याला हाक मारतात. बाहेर रांगेत साठ-सत्तर माणसं, तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं. त्यात कापसाच्या पट्ट्यात कंबर कोणाची दुखत नाही? डॉक्टरला तुमची कंबर इतरांहून वेगळी कशी, हेच त्या वाक्यातून कळत नाही. वेगळेपण दिसतं ते कामातून: आधी काय जमत होतं आणि आता काय जमत नाही. ते तोंडी सांगताना निसटतं, म्हणून कागदावर लिहून न्यायचं.

दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन वेदना म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तिला स्वतंत्र जागा आहे. म्हणजे एक्स-रेत काही दिसलं नाही तरी दुखणं खरं असू शकतं. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला गवताची काडी टेकली तरी अलार्म वाजतो. पुष्कळ दिवस दुखत राहिलेल्या शरीरातल्या नसांचंही तसंच होतं. वावरात डुक्कर नसतं, पण अलार्म वाजलेला असतो.

चौदा दिवसांची नोंद, मग एक पान

जुनी वही घ्या, रोज रात्री तीन ओळी लिहा. आज कोणतं काम किती वेळ केलं, दुखणं कधी वाढलं, कशानं कमी झालं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून लिहून घ्या. ‘दहापैकी किती दुखते’ असं डॉक्टर विचारतात, तो आकडाही लिहा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. सगळेच ‘दहा’ सांगतात, त्यामुळे त्याला वजन उरत नाही. चौदा दिवसांनी त्यातून एकच पान काढायचं. चार पानं कोणी वाचत नाही. नमुना असा:

‘वय 46, शेतमजुरी. कंबर उजवीकडून दुखते, दिवाळीच्या आधीपासून, 5 महिने. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ उतरते, पायाच्या अंगठ्याला मुंग्या. खाली बसून निंदण केलं की 20 मिनिटांत वाढते, आडवं पडलं की अर्ध्या तासात उतरते. आधी दिवसाला 40 किलो कापूस वेचत होते, आता 15. रात्री दोनदा जाग येते. ताप नाही, वजन तेवढंच. गोळ्या: आठवड्यातून 4 दिवस, नाव सोबतच्या पाकिटावर. प्रेशर आहे, साखर नाही.’

यात रडगाणं एक शब्दाचं नाही, तरी डॉक्टरला काय कळतं बघा. कळ पोटरीपर्यंत उतरते आणि अंगठ्याला मुंग्या आहेत म्हणजे नस दबलेली असू शकते, म्हणजे पाय उचलून तपासायला हवा. 40 चे 15 झाले म्हणजे रोजी बुडते आहे. ‘लय दुखते’मध्ये हे दोन्ही नव्हतं.

शब्द नेमका निवडा

मराठीत दुखण्याला शब्द भरपूर आहेत, ते दवाखान्यात वापरा. ठणकतं, चमक मारते, आग होते, मुंग्या येतात, बधिर झालं, उसण भरली, आखडलं, सलतं. हे सगळं एकच नाही. आग, मुंग्या, विजेसारखी चमक हे सहसा नसेचं दुखणं, आणि त्यावर साधी दुखण्याची गोळी फारशी चालत नाही. त्याला ॲमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटीन, प्रेगॅबालीन अशी वेगळी औषधं असतात. इथं एक गैरसमज नेहमी होतो. ॲमिट्रिप्टिलीन हे मुळात उदासीचं औषध. मेडिकलवाला तसं बोलला की माणूस चिडतो, ‘साहेबानं मला येडं समजलं’, आणि पाकीट फेकतो. नसेच्या दुखण्यासाठी ते बहुतेक वेळा रात्री 10 मिलिग्रॅम अशा छोट्या मात्रेनं सुरू होतं, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. दोन रात्रींत फरक नाही म्हणून सोडू नका. तोंड कोरडं पडलं किंवा सकाळी गुंगी राहिली तर डॉक्टरला सांगा.

सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात, हेही मिनिटांत लिहा. टोंगळे (गुडघे) पाच-दहा मिनिटांत मोकळे होत असतील तर बहुधा झीज. तासभर आखडून राहत असतील आणि बोटांचे सांधे सुजत असतील तर संधिवाताची तपासणी लागते.

पाकिटं सोबत न्या, लाजू नका

गावातल्या डॉक्टरकडची पुडी, बाजारातलं तेल, वैद्याचं चूर्ण, सगळं पिशवीत घ्या. लपवलं तर नुकसान तुमचं. सुट्या, नाव नसलेल्या गोळ्यांनी ‘दोन दिवसांत पळायला लागलो’ असं झालं असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. चेहरा गोल होणं, भूक एकदम वाढणं, साखर चढणं, हाडं ठिसूळ होणं ही त्याची लक्षणं. अशी गोळी काही आठवडे चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, त्यानं जिवावर बेततं. डॉक्टरला सांगून टप्प्याटप्प्यानं सोडायची.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या रोज घेतल्या की पोटात जखम होते, प्रेशर वाढतं आणि किडनीवर ताण येतो. मे महिन्यात 45 अंशांत वावरात घाम गाळून, पाणी कमी पिऊन वर ही गोळी घेणं सगळ्यात वाईट. पॅरासिटामॉल त्यामानानं बरं, तरी मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅम, म्हणजे 500 च्या 8 गोळ्या, ही हद्द. अंगानं बारीक असाल किंवा दारू चालू असेल तर त्याहून कमी, किती ते डॉक्टरला विचारा. एकाच गोळीत दोन औषधं असलेल्या दुखण्याच्या जोडगोळ्यांतही पुष्कळदा 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, ते हिशोबात धरा.

विदर्भातल्या तीन गोष्टी आपण होऊन विचाराव्यात

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन पाठ-मान ताठरते, सांधे दुखतात. गावातल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील तर ते डॉक्टरला सांगा आणि ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासायला पाठवा. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिण्याचं नाही. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्यानं उलट दाट होतं.

दुसरं सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. लहानपणापासून हातपाय ठणकण्याचे झटके, डोळे पिवळे, घरात आणखी कोणाला असंच असेल तर रक्ताची सोल्युबिलिटी तपासणी मागा. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी करावी लागते. या आजाराचा झटका बाहेरून दिसत नाही, म्हणून नाटक समजलं जातं. सिकलसेल 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे. सिकलसेलचं कार्ड मिळालं असेल तर ते नेहमी खिशात असू द्या.

तिसरं मणक्याचा टीबी. पाठीत एकाच जागी दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं. खोकला नसला तरी तो असू शकतो.

खोलीत गेल्यावर

बाजाराचा दिवस टाळा. सोबत एकच माणूस न्या आणि घरूनच ठरवून जा की बोलायचं तुम्हीच, त्यानं फक्त राहिलेलं आठवून द्यायचं. बायांच्या बाबतीत नवरा किंवा सासू बोलते आणि बाई मान हलवते. मग ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकून परत यावं लागतं. कागद आधी पुढं करा आणि म्हणा, ‘साहेब, हे एक मिनिट वाचता का?’

तपासून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हटलं तर वाद घालू नका, उठूही नका. विचारा: ‘नॉर्मल आहे हे बरं झालं. मग हे कशामुळं असेल? या गोळीनं किती दिवसांत फरक पडावा? नाही पडला तर पुढं काय?’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. एक्स-रेत हाड दिसतं, नस आणि स्नायू दिसत नाहीत. उलट, काहीही न दुखणाऱ्या माणसाच्या एमआरआयमध्येही गादी सरकलेली दिसते, त्यामुळे शेत गहाण ठेवून एमआरआय काढायची घाई नको.

तरी ऐकलं गेलं नाही तर चिठ्ठी मागा: ‘मला वर पाठवता का?’ प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथं 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात येत नाहीत. सेवाग्राम, नागपूरचं मेडिकल, मिहानमधलं एम्स अशा मोठ्या ठिकाणी गेलात तर खिडकीवर विचारा की जुन्या दुखण्याची ओपीडी कोणत्या दिवशी असते. पुष्कळ रुग्णालयांत ती भूलतज्ज्ञांच्या विभागाकडे असते, हाडांच्या नाही, आणि लोक चुकीच्या रांगेत दिवस घालवतात.

लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडायला लागला तर नोंदवही बाजूला ठेवून 108 ला फोन करा, त्याच दिवशी.

सगळे केसपेपर, फिल्म आणि चिठ्ठ्या तारखेनं लावून खताच्या जाड प्लास्टिक पिशवीत गुंडाळा. पिशवी आधी चांगली धुऊन वाळवा. एक्स-रेची फिल्म घडी घालू नका, घडीची रेघ हाडावर दिसते.