फोनवर मेनलाइन लिनक्स: आधी यूएसबी, पडद्याचं नंतर बघू

अँड्रॉइड आतून लिनक्सच आहे, मग लिनस टोरवाल्ड्सच्या मूळ सोर्समधला ताजा कर्नेल (प्रणालीचा गाभा), म्हणजेच ‘मेनलाइन’, फोनवर सरळ का चालू नये? पीसीमध्ये युईएफआय आणि एसीपीआय या फर्मवेअरच्या सोयी कर्नेलला मशीनची माहिती देतात, पीसीआयवरचं कार्ड स्वतःच आपली ओळख सांगतं. फोनच्या एआरएम चिपवर हा प्रकार बहुतेक नसतो. टचचा कंट्रोलर कोणत्या बसवर, कोणत्या पत्त्यावर, त्याला वीज कुठल्या रेग्युलेटरमधून, इंटरप्ट कुठल्या पिनवर, हे सगळं डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलीत) कुणीतरी हाताने लिहून ठेवावं लागतं. कंपनीने ते लिहिलेलं असतंच, पण तिच्या जुन्या, भरपूर ठिगळं लावलेल्या कर्नेलसाठी. मेनलाइनला त्यातलं बरंचसं कळत नाही.

म्हणून फोन निवडताना हौस बाजूला ठेवा. स्नॅपड्रॅगन ८४५चा वनप्लस ६ किंवा पोको एफ१ घ्या, नाहीतर स्नॅपड्रॅगन ४१०चा एखादा जुना फोन. या चिपांवर पोस्टमार्केटओएसच्या (फोनसाठीच्या एका लिनक्स प्रणालीच्या) मंडळींनी खूप खपून काम केलंय. बूटलोडर (फोन चालू होताना कर्नेल चढवणारा प्रोग्रॅम) अनलॉक होत नसेल तर तो फोन विसरा.

अनलॉक केल्यावर फोनमधला डेटा पुसला जातो, ते ठीक. त्यानंतर लगेच, दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी, रिकव्हरीतून (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या मोडमधून) मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट या पार्टिशनांच्या प्रती काढून संगणकावर ठेवा. आयएमईआय आणि रेडिओचं कॅलिब्रेशन असल्या जागी असतं. ते गेलं तर दुसऱ्याच्या फोनमधली प्रत तुमच्या कामाची नाही. डीटीबीओचीही (डिव्हाइस ट्रीवर चढवायच्या तुकड्यांच्या पार्टिशनची) प्रत घ्या आणि मग ते पार्टिशन पुसा. नाहीतर बूटलोडर कंपनीचे तुकडे तुमच्या डिव्हाइस ट्रीवर चिकटवतो आणि फोन एक अक्षरही न बोलता अडकून बसतो.

कर्नेल लगेच फ्लॅश करू नका, म्हणजे फोनच्या साठवणीत कायमचा लिहू नका. फास्टबूटच्या (संगणकावरून बूटलोडरशी बोलणाऱ्या साधनाच्या) ‘बूट’ आदेशाने तो नुसता रॅममध्ये चढवा. फसलं तर पॉवर बटण दाबून धरायचं, पुन्हा चालू करायचा. काही कंपन्या हा आदेश बंद करून ठेवतात. तेव्हा मात्र फ्लॅश करण्यावाचून इलाज नाही.

आता मुद्द्याचं. नवखा माणूस आधी पडद्याच्या मागे लागतो आणि तिथेच थकतो. माझा क्रम उलटा आहे. पहिल्या डिव्हाइस ट्रीत फक्त मेमरी, राखीव मेमरी, यूएसबी आणि त्याचे रेग्युलेटर एवढंच ठेवा. राखीव मेमरीचे पत्ते कंपनीच्या ट्रीमधून जसेच्या तसे उचला. तिथे ट्रस्टझोन (चिपचा सुरक्षित भाग) आणि मोडेम बसलेले असतात. कर्नेलने त्या भागाला स्पर्श केला की फोन तिथल्या तिथे रीसेट होतो आणि लॉगमध्ये कारण सापडत नाही. व्होल्टेजचे आकडेही अंदाजाने टाकू नका, चुकीच्या आकड्याने हार्डवेअर जळू शकतं.

इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलप्रणाली) पोस्टमार्केटओएसचा वापरा, त्यातला डीबग शेल चालू करून. जमलं तर फोन संगणकाला नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो आणि १७२.१६.४२.१ वर टेलनेट करून आत शिरता येतं. पडदा काळा का असेना, डीमेसेज (कर्नेलचा लॉग) वाचता येतोय ना? मग पुढचं सगळं शक्य आहे. यूएसबीही आलं नाही तर रॅमऊप्स: मेलेल्या कर्नेलचा लॉग रॅमच्या ठरावीक तुकड्यात राहतो. वीज न तोडता रीबूट केलं, बूटलोडरने तो भाग पुसला नाही आणि नंतरच्या कर्नेलला तोच पत्ता ठाऊक असेल, तर तो पीस्टोर या कर्नेलच्या फोल्डरमध्ये मिळतो.

एखादा ड्रायव्हर गप्प बसला असेल तर डीबगएफएसमधली (कर्नेलच्या तपासणीसाठीच्या फोल्डरमधली) ‘डिव्हायसेस डिफर्ड’ फाइल उघडा. कोण कोणाची वाट बघत ताटकळलंय ते तिथे दिसतं. बहुतेक वेळा एखाद्या रेग्युलेटरचं नाव चुकलेलं असतं किंवा त्याचा ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये चालूच केलेला नसतो.

पडद्यासाठी सुरुवातीला सिंपल फ्रेमबफर पुरे: बूटलोडरने लोगो ज्या पत्त्यावर काढलाय तोच पत्ता कर्नेलला द्यायचा. अक्षरं उमटतात, आपण खूश होतो आणि थोड्याच वेळात सगळं काळं! घाबरू नका. कुणी मागितलेले नाहीत असे क्लॉक (चिपच्या भागांना ठेका देणारे संकेत) कर्नेल बूटच्या शेवटी बंद करतो, त्यात पडद्याचेही जातात. कमांड लाइनवर ‘क्लॉक इग्नोर अनयूज्ड’ हा पर्याय द्या, काम भागतं. खरा पॅनेल ड्रायव्हर मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन पुरवठादारांचे पॅनेल निघतात आणि प्रत्येकाला जागं करायची डीएसआय (पडद्याच्या जोडणीच्या) आदेशांची माळ वेगळी. ती हाताने उतरवत बसू नका. कंपनीच्या डिव्हाइस ट्रीमधून ड्रायव्हरचा कच्चा खर्डा काढून देणारी स्क्रिप्ट आहे.

मोडेमचं फर्मवेअर बंदिस्त (सोर्स न दिलेलं) आणि कंपनीच्या सहीचं असतं, म्हणून ते तुमच्याच फोनमधून घ्या. कर्नेलमधला रिमोटप्रॉक ते चढवतो, पण मोडेमला आपल्या फाइली वाचायला-लिहायला आरएमटीएफएस ही सेवा लागते. ती नसेल तर मोडेम नीट उठत नाही. मोडेममॅनेजरला (मोडेम सांभाळणाऱ्या सेवेला) सिम दिसलं म्हणजे कॉल झाला असंही नाही. इंटरनेट चालेल, एसएमएस येतील, पण बोलण्याचा आवाज डीएसपीमधून (ध्वनीसाठीच्या वेगळ्या प्रोसेसरमधून) वेगळ्या वाटेने जातो आणि त्याचं काम वेगळंच.

कॅमेरा सगळ्यात शेवटी ठेवा. बॅटरीकडे मात्र आधी बघा: फोन झोपवून रात्रभर ठेवा आणि सकाळी किती टक्के उरले ते लिहून ठेवा. झपाट्याने उतरली असेल तर पहिला संशय त्या क्लॉकच्या पर्यायावर घ्या. खरा पॅनेल ड्रायव्हर बसल्यावर तो काढून टाकायचा असतो.