मुलांशी लैंगिकतेवर बोलायचंय? आधी चिठ्ठ्या वाटा

आठवी ते बारावीच्या मुलामुलींशी या विषयावर बोलणार असाल तर लगेच भाषण सुरू करू नका, सगळ्यांना सारख्या कागदाच्या चिठ्ठ्या द्या. नाव लिहायचं नाही आणि प्रश्न नसेल तरी प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, अगदी "डब्यात भेंडी होती" पण चालेल, कारण चारच जण लिहिताना दिसले की बाकीचे त्यांच्याकडे बघतात आणि मग ते चार पण पेन खाली ठेवतात.

चिठ्ठ्या मोठ्याने वाचा, शब्द कितीही गावठी असला तरी चेहरा बदलू देऊ नका.

मुलांच्या चिठ्ठीत स्वप्नदोष हमखास येतो. इथे प्लीज घाई करू नका. त्या शब्दातच 'दोष' बसलाय, पोरगं आतल्या आत घाबरतं आणि भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती वाचून कुठल्यातरी वैदूकडे पैसे घालवतं. सरळ सांगा की वयात येताना झोपेत वीर्य बाहेर येणं नॉर्मल आहे, त्याने अशक्तपणा येत नाही, शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य वगैरे साफ खोटं. र. धों. कर्वेंनी १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यात ते वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं द्यायचे, आणि आपण अजून कुजबुजतोय याचं खरंच वाईट वाटतं.

मुलींकडून येतं, पहिल्या संबंधाच्या वेळी रक्त यायलाच पाहिजे का? नाही. योनीच्या तोंडाशी असलेल्या पडद्यावरून कौमार्य कळतच नाही, जागतिक आरोग्य संघटनेने पण कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. हे उत्तर मुलगे समोर असतानाच द्या, त्यांनी ऐकणं जास्त गरजेचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. २०१२ च्या पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार १८ च्या आतल्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवावंच लागतं, आणि दोघांची मर्जी असली तरी त्या वयातली संमती कायदा धरत नाही. म्हणून हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगा, एखादी मुलगी रडत सगळं सांगून झाल्यावर नाही, तेव्हा तिला फसवल्यासारखं वाटतं. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहून ठेवा.

राहिलेले प्रश्न वहीत उतरवून घ्या, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा. चिठ्ठ्या मात्र सगळ्यांसमोर बारीक फाडायच्या, टेबलावर सोडून जायच्या नाहीत, वर्गशिक्षकांना प्रत्येकाचं अक्षर ओळखता येतं.