वृद्धाश्रमात प्रार्थनेला जाताना

वडोदऱ्यातल्या फतेहगंजच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतून (चर्चमधून) वृद्धाश्रमात जायचं, तर मी नव्या सोबत्यांना आधी व्यवस्थापकांची परवानगी घ्यायला सांगते. दुपारच्या चहानंतरची वेळ बरी. झोप झालेली असते, बोलायची हौस असते.

खोलीत शिरताच बायबल उघडू नका. स्टूल ओढून समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांना ओठ दिसतात. ओरडू नका, सावकाश बोला. "आजी, प्रार्थना करू या का?" असं विचारा. नको म्हणाल्या तर नुसत्या गप्पा मारा. तीही सेवाच आहे, असं मी मनापासून मानते.

वाचन छोटं ठेवा. बायबलमधलं २३वं स्तोत्र पुष्कळांना पाठ असतं. पण म्हातारपणाची खरी भीती ७१व्या स्तोत्रात आहे: शक्ती सरल्यावर देवाने टाकू नये, ही विनवणी. ते वाचून थांबा, त्यांना बोलू द्या. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी गाणं सगळ्यात मोलाचं. मुलाचं नाव आठवत नाही, पण ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं (१८६१–१९१९) एखादं भजन धरलं की पुढची ओळ आजीच म्हणतात. म्हणून जुनीच भजनं निवडा, पट्टी खालची ठेवा.

प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) हवं असेल तर पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, न्या. गिळायला त्रास आहे का, हे आधी नर्सला विचारा. गोडधोड नेऊ नका, अनेकांना मधुमेह असतो.

शेजारच्या खाटेवरच्या हिंदू काकूंचीही विचारपूस करा, मात्र धर्म बदलण्याचा विषय काढू नका. जबरदस्तीने, आमिषाने किंवा फसवून धर्मांतर करायला बंदी घालणारा गुजरातचा २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहेच. शिवाय परावलंबी माणसाच्या असहायतेचा फायदा घेणं ख्रिस्ताच्या सेवकाला शोभत नाही.

निघताना पुढचा वार सांगा आणि त्या वारी जाच.