पेशीनं पाठवलं की नुसतंच बाहेर आलं? व्हेसिकलवर काम करताना या चुका टाळा

नांदेड असो, लातूर असो की संभाजीनगर, एक्सोसोमवर, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांच्या (व्हेसिकलच्या) एका प्रकारावर, प्रबंध करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

व्हेसिकलमध्ये एखादा मायक्रोआरएनए (जनुकांवर नियंत्रण ठेवणारा आरएनएचा छोटा रेणू) सापडला की लगेच वाक्य लिहिलं जातं, ‘पेशी हा रेणू निवडून बाहेर पाठवते.’ सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पेशीत जो रेणू ढिगानं असतो, तो व्हेसिकल तयार होताना आपसूकच आत जातो. म्हणून त्याच पेशींतलं प्रमाण आणि व्हेसिकलमधलं प्रमाण शेजारी शेजारी मांडून बघा. बाहेर ते चढं निघालं, तर पुढे चला आणि निवड कोण करतंय ते शोधा. २०१३ मध्ये माणसाच्या टी पेशींत असं एक प्रथिन दाखवलं गेलं, एचएनआरएनपीए२बी१. ते काही मायक्रोआरएनएमधला ठरावीक छोटा अनुक्रम ओळखतं; तो अनुक्रम बदलला की रेणूची रवानगीही बदलते. माझ्या मते इतपत पुरावा हाती येईपर्यंत ‘निवड’ हा शब्द प्रबंधात घालूच नये.

आणि तेच प्रथिन तुमच्याही पेशीत तेच काम करत असेल, असं धरून चालू नका. एचईके पेशींत (माणसाच्या भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) मायक्रोआरएनए-२२३ बाहेर धाडायला वायबीएक्स१ हे वेगळंच प्रथिन लागतं, हे २०१६ मध्ये दिसलं. प्रथिनांचंही तसंच. युबिक्विटिनची खूण लागलेली प्रथिनं एस्कर्ट नावाची पेशीतली प्रथिनांची यंत्रणा उचलते, पण सेरामाइड या मेदाचा वेगळा रस्ता २००८ पासून माहीत आहे. एक रस्ता बंद करूनही माल बाहेर येत राहिला, तर प्रयोग फसला असं समजू नका.

आता सापडलेला आरएनए खरंच आत आहे का? नुसता आरएनेज (आरएनए तोडणारं विकर) टाकून तो टिकला, एवढ्यावर समाधान मानू नका. रक्तातला बराच मायक्रोआरएनए व्हेसिकलबाहेर, आर्गोनॉट प्रथिनाला चिकटून फिरतो आणि तिथंही सुरक्षित राहतो. म्हणून आधी प्रोटिनेज (प्रथिनं तोडणारं विकर), ते निष्क्रिय केल्यावर आरएनेज, आणि सोबत हेच सगळं करून शिवाय व्हेसिकलचं पटल फोडणारं डिटर्जंट घातलेली एक नळी. या शेवटच्या नळीत आरएनए नाहीसा झाला पाहिजे.

दुधाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण देवणी आणि लाल कंधारी गाई आपल्याच भागातल्या आणि दुधात व्हेसिकल भरपूर. अडचण केसिन या दुधातल्या प्रथिनाची. त्याचे कण साधारण १५० नॅनोमीटरच्या आसपास, एक्सोसोम ३० ते १५०. कण मोजणारं यंत्र दोन्ही मोजतं आणि आकडा बघून आपण खूश होतो. दूध सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून मलई काढा, मग कॅल्शियम धरून ठेवणारं सोडियम सायट्रेट किंवा ईडीटीए घाला. केसिनचे कण कॅल्शियमनं बांधलेले असतात. कॅल्शियम निघालं की ते सुटतात आणि पांढरंशुभ्र दूध डोळ्यांदेखत निवळायला लागतं. त्यानंतरच जोरात फिरवा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (ठरावीक प्रथिनं ओळखायची चाचणी) सीडी६३ आणि टीएसजी१०१ ही एक्सोसोमची खूण असलेली प्रथिनं दिसायला हवीत. केसिन किती उरलंय तेही त्याच ब्लॉटवर तपासा.

रक्ताचा नमुना बीडला घेऊन न फिरवताच संभाजीनगरला आणायचा, हा प्रकार बंद करा. वाटेत प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या छोट्या पेशी) स्वतःची व्हेसिकल सोडत राहतात. मे महिन्यात ऊन बघून नळी बर्फात ठेवण्याचा मोह होतो, पण थंडीनं प्लेटलेट्स आणखी चेकाळतात. रक्त काढलं तिथंच २,५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या २,५०० पट जोरानं) १५ मिनिटं फिरवा, वरचा प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) अलगद घेऊन पुन्हा तेवढंच फिरवा आणि मग गोठवा. उणे ८० च्या फ्रीजला जनरेटरची जोड आहे का, हे नमुने घ्यायच्या आधी विचारून ठेवा.

पेशी वाढवताना माध्यमात घातलेल्या गाईच्या वासराच्या सीरममध्ये गाईची व्हेसिकल असतात. ते १,००,००० जी वर रात्रभर फिरवून घेतलं तरी काही उरतातच. त्यामुळे पेशी न घातलेलं तेच माध्यम दर वेळी सगळ्या पायऱ्यांतून सोबत न्या, आणि त्यात जे सापडेल ते तुमच्या यादीतून वजा करा.